गाळा सांगलीत, मालक पुण्यात. भाडं कमी करून घ्यायला जायचं कुठे?

पत्राचा सारांश: सांगलीच्या जुन्या बाजारपेठेत शिवणकामाच्या साहित्याचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. गाळा भाड्याचा, इमारत जुन्या वाड्याची. २०१४ साली सासऱ्यांच्या नावाने ११ महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार झाला. त्याची नोंदणी झाली नाही आणि पुढे नवा कागदही झाला नाही. भाडं मात्र वाढत वाढत महिना १४,००० रुपयांवर आलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात दुकानात पाणी होतं. तेव्हापासून मागच्या खोलीच्या भिंती ओल धरून आहेत आणि गेल्या पावसाळ्यात त्या खोलीवरच्या माळ्याचा एक भाग खाली आला. आता ती खोली बंद आहे, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा जागा गेली. मालक पुण्यात राहतात आणि दर वेळी 'बघू' म्हणतात. शेवटी ताईंनी आपणच ठरवून ९,५०० रुपये पाठवले, ते मालकांनी परत केले. त्यानंतर पाच महिने भाडं गेलेलं नाही. मालकांचा निरोप आला आहे की करारात 'सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधीन' असं लिहिलंय, तेव्हा पुण्यालाच या. नागपूरचे नातेवाईक म्हणतात रेंट कंट्रोलरकडे जा, शेजारचे दुकानदार म्हणतात ग्राहक मंचात जा, आणि जर्मनीत असलेला भाचा म्हणतो की जागेत दोष असेल तर भाडं आपोआप कमी होतं. 'नेमकं कोणतं कोर्ट, एवढं सांगा,' असं ताई विचारतात.

ताई,

तुम्ही जेवढं विचारलंय त्याचं उत्तर छोटं आहे, म्हणून आधी तेच देते. सांगली शहराला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. मालक आणि भाडेकरू यांच्यातला भाड्याचा किंवा ताब्याचा वाद कुठे चालायचा हे त्याच्या कलम ३३ ने ठरवून दिलंय. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात चालतो. पुण्यासारखं जिथे वेगळं लघुवाद न्यायालय आहे, तिथे त्या न्यायालयात. बाकी सगळीकडे, ज्या हद्दीत जागा आहे तिथले दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. तुमच्यासाठी ते सांगलीतच, विजयनगरच्या न्यायालयात. वकील मंडळी 'ज्युनिअर डिव्हिजन' म्हणतात ते हेच. मागणी पाच हजारांची असो की पाच लाखांची, कोर्ट तेच राहतं, कारण या कलमाने रकमेची मर्यादा बाजूला ठेवली आहे. त्याच कलमात असंही आहे की दुसऱ्या कोणत्याही न्यायालयाला हे वाद चालवता येणार नाहीत.

मग करारातल्या पुण्याच्या ओळीचं काय? काही नाही. एकाच वादाला दोन ठिकाणची कोर्टं सक्षम असतील, तर त्यातलं एक निवडायचं असं दोन पक्ष आपसात ठरवू शकतात. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला मात्र सही करून अधिकार देता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगितलंय. स्थावर मालमत्तेचा दावा मालमत्ता जिथे आहे तिथे, हा दिवाणी प्रक्रियेचा जुना नियमही आहेच. मालक कोथरूडला राहोत की कॅलिफोर्नियात, गाळा सांगलीतून हलत नाही. त्यांनी पुण्यात दावा टाकला तर तुम्ही पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राची हरकत घ्या. 'जाऊ दे, तिथेच चालवू' असं करू नका.

काही करारांत 'वाद लवादाकडे जाईल' असंही कलम असतं. ज्यांच्या करारात तसं आहे त्यांच्यासाठी सांगते. भाडे नियंत्रण कायद्याखालचे वाद लवाद चालवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली मुंबईच्या एका स्टुडिओच्या खटल्यात म्हटलं होतं आणि डिसेंबर २०२० च्या विद्या द्रोलिया निकालात ते कायम राहिलं.

नागपूरच्या पाहुण्यांवर रागावू नका, ते हवेतलं बोलत नाहीत. २००० सालापर्यंत महाराष्ट्रात भाड्याचे तीन वेगवेगळे कायदे होते. आपल्याकडे १९४७ चा मुंबईचा कायदा, विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा आदेश आणि मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा कायदा. विदर्भ-मराठवाड्यात 'कंट्रोलर' नावाच्या अधिकाऱ्याकडे जावं लागायचं, आपल्याकडे पहिल्यापासून कोर्टातच. ३१ मार्च २००० पासून तिन्हींच्या जागी एकच कायदा आला. त्यामुळे तुमच्या पाहुण्यांच्या वडिलांच्या काळात जे खरं होतं, ते आता नागपुरातही लागू नाही. मोबाइलवर शोधलं की 'भाडे प्राधिकरण', 'भाडे न्यायाधिकरण' असे शब्दही दिसतात. ते केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरार कायद्यातले आहेत. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालू आहे.

ग्राहक आयोगात जाऊ नका. दुकानाचा गाळा भाड्याने घेणं म्हणजे ग्राहकाने घेतलेली सेवा नव्हे, आणि व्यापारी हेतू तर त्या कायद्यातून वगळलेलाच आहे. पोलीस 'हे दिवाणी आहे' म्हणतील आणि ते बरोबरच म्हणतील. जिल्हाधिकारी कार्यालयाचा संबंध पुराच्या पंचनाम्यापुरता. तो पंचनामा मात्र जपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता भाच्याचं बोलणं. मला वाटतं, तुमच्या मनातला खरा गोंधळ तिथूनच सुरू झाला. तो त्याच्या देशापुरतं खरं बोलतोय. जर्मनीच्या दिवाणी संहितेत कलम ५३६ आहे. भाड्याच्या जागेत वापराला बाधा आणणारा दोष असेल, तर तो असेपर्यंत भाडं कायद्यानेच कमी होतं, वेगळा हुकूम लागत नाही. राहत्या घराचा वाद असेल तर तो रक्कम न बघता तिथल्या स्थानिक न्यायालयात चालतो. पण आपल्या कायद्यात असं आपोआप घटणारं भाडं नाही. तुम्ही ९,५०० पाठवले ते न्यायबुद्धीने पाठवले, यात मला शंका नाही. तिसरा हिस्सा जागा गेली, तिसरा हिस्सा भाडं कमी, हिशोब सरळ आहे. कायद्याच्या नजरेत मात्र ती थकबाकी आहे. मालकांनी पैसे परत केल्यावर तुम्ही पाठवणंच थांबवलंत, त्यामुळे आज साडेचार हजारांचा फरक उरलेला नाही. पाच महिन्यांचे पूर्ण ७०,००० रुपये तुमच्या नावावर थकलेत.

म्हणून कोर्टाचा पत्ता शोधण्याआधी हे मिटवा. भाडेकरू भाडं आणि कायद्याने मान्य वाढ देत आहे किंवा द्यायला तयार आहे, तोवर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही, असं कलम १५ म्हणतं. तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण ते आहे आणि नेमकं तेच तुम्ही पातळ करून बसलात. घाबरू नका, अजून वेळ गेलेली नाही. मालकांना थकबाकीसाठी ताबा मागायचा असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबावं लागतं. दावा दाखल झाला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी थकबाकी, तिच्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरलात, आणि पुढेही भाडं नियमित भरत राहिलात, तर त्या कारणाने बेदखलीचा हुकूमनामा होत नाही. पण तेवढी वाट कशाला पाहायची? ७०,००० रुपये त्यांच्या खात्यावर भरा आणि सोबत एक पत्र पाठवा. 'मागची खोली निकामी असल्याने भाडं कमी व्हावं ही माझी मागणी कायम आहे, तो हक्क राखून ही रक्कम देत आहे,' एवढं त्यात लिहा. पत्र स्पीड पोस्टने, पोच घेऊन. पुन्हा परत आलं तर तो कागदही फायलीत जाऊ द्या. देण्याची तयारी होती आणि घेणाऱ्याने नाकारलं, याचा तो पुरावा होतो. नुसतं 'मी द्यायला तयार होते' असं कोर्टात सांगून भागत नाही.

एकरकमी ७०,००० जड आहेत हे कळतं. दोन-तीन हप्त्यांत द्या, पण ओघ सुरू करा आणि या महिन्यापासून चालू भाडं वेळेवर जाऊ द्या.

यानंतर तुम्हाला स्वतःला विचारायचा प्रश्न असा: मला भाडं कमी हवंय, की खोली परत हवीय? पत्रात तुम्ही 'भाडं कमी' हे शब्द अनेकदा लिहिलेत, पण मधेच एक वाक्य आहे की अस्तराचे तागे ठेवायला जागा उरली नाही म्हणून दिवाळीचा माल निम्माच भरला. मला ते वाक्य जास्त महत्त्वाचं वाटलं. भाडं साडेचार हजारांनी कमी झालं आणि खोली तशीच पडून राहिली, तर तुमचा धंदा सुधारतो का? मालकांच्या बाजूनेही पाहा. कमी भाडं एकदा मान्य केलं की त्यांना माळा दुरुस्त करण्याचं काही कारणच उरत नाही.

खोली हवी असेल तर कलम १४ तुमच्या कामाचं आहे आणि त्यासाठी पहिल्याच दिवशी कोर्टात जावं लागत नाही. जागा वापरण्याजोगी, चांगल्या दुरुस्तीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. भाडेकरूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही मालकाने काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो किंवा वसूल करू शकतो. मर्यादा एक आहे: एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त वळती करता येत नाही. तुमचं वर्षाचं भाडं १,६८,००० रुपये, त्याचा चौथा हिस्सा ४२,०००. महिन्याला वाटलात तर ३,५०० होतात. म्हणजे वर्षभर तुम्ही १०,५०० रुपये भाडं देता आणि खोलीही वापरात येते. तुम्ही मागत होतात ९,५००. फरक हजाराचा आहे, आणि हा मार्ग कायद्यातला आहे.

यात दोन ठिकाणी पाय घसरू शकतो. एक, करारात 'दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करायची' अशी ओळ आहे का ते वाचा. कलम १४ मधलं मालकाचं कर्तव्य 'विरुद्ध करार नसेल तर' आहे, आणि छापील मसुद्यांत ही ओळ पुष्कळदा गुपचूप बसलेली असते. दुसरं, दुरुस्ती म्हणजे दुरुस्तीच. ओल काढणं, माळ्याची तुळई बदलणं, गिलावा, एवढंच. त्यात फर्निचर, नवी फरशी, मोठं शटर मिसळलंत, तर मालक 'माझ्या परवानगीशिवाय बांधकाम केलं' म्हणतील आणि ते ताबा मागण्याचं एक कारण आहे. दोन मिस्त्रींकडून लेखी अंदाज घ्या, आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह काढा, साहित्याची पक्की बिलं घ्या. अंदाज ४२,००० च्या वर गेला तर काम दोन वर्षांत, दोन टप्प्यांत बसतं का ते मिस्त्रीला विचारा. पडायला आलेला भाग आधी.

तुमच्या पत्रात आणखी एक बेत आहे, महापालिकेत 'इमारत धोकादायक आहे' अशी तक्रार देऊन मालकांना वठणीवर आणण्याचा. माळा खरोखर कुणाच्या डोक्यात पडणार असेल तर तक्रार आजच करा, तिथे भाड्याचा हिशोब नको. पण नुसतं दडपण आणायला म्हणून करत असाल तर थांबा. महापालिकेने जागा पाडण्याचा आदेश काढला, तर 'पाडण्यासाठी जागा तात्काळ हवी' हे भाडेकरूला काढण्याचं कायदेशीर कारण होतं. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या मालकांना अशी नोटीस कधी कधी हवीच असते. तुमच्या अर्जाने त्यांचं काम होऊन जायचं.

पुराबद्दल. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा अर्धी बाजारपेठ पाण्यात होती, आणि 'त्या दिवसांचं भाडं मागायचं कसं' हा प्रश्न तेव्हाही पुष्कळांनी विचारला होता. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आग, वादळ, पूर यांचा उल्लेख आहे खरा. जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा कायमचा निकामी झाला, तर भाडेपट्टा रद्द ठरवायचा पर्याय भाडेकरूला मिळतो. पण तो पर्याय जागा सोडण्याचा आहे. जागा ठेवायची आणि पुराच्या नावाने भाडं थांबवायचं, असं त्यात नाही. टाळेबंदीच्या काळात दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका भाडेकरूने भाडं माफ करून मागितलं होतं. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने माफी नाकारली आणि भरायला फक्त थोडी सवड दिली. म्हणजे २०१९ आणि २०२१ चे पाण्याचे दिवस आता मोजत बसू नका. तुमचं प्रकरण पुराचं कमी आणि दुरुस्तीचं जास्त आहे.

'जागा कमी मिळते तर भाडंही त्याच प्रमाणात' या युक्तिवादाला आधारच नाही असं नाही. १९६६ साली कलकत्त्याच्या स्टीफन कोर्ट इमारतीच्या खटल्यात मालकाने तीनपैकी एक झोपण्याची खोली भाडेकरूच्या ताब्यात दिलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने सगळं भाडं थांबवायला नकार दिला, पण त्या खोलीच्या प्रमाणात भाडं कमी होणं मान्य केलं. तुमचा वकील हा निकाल दाखवेल आणि समोरचा लगेच म्हणेल की इथे खोली ताब्यात आहे, किल्लीही यांच्याकडेच आहे. दोन प्रकरणांतला फरक खरा आहे. मी या एकाच निकालाच्या भरवशावर दुकान पणाला लावणार नाही.

राहिला तिसरा मार्ग, प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने घेता येणारं भाडं, ठरवून घेण्याचा. या कायद्यात खऱ्या अर्थाने 'भाडं कमी करा' असा अर्ज म्हणायचा तर तो कलम ८ चा आणि तोही त्याच कनिष्ठ स्तर न्यायालयात. जुन्या भाड्याच्या जागांसाठी प्रमाण भाड्याचा पाया १ ऑक्टोबर १९८७ चं भाडं, त्यावर ५ टक्के, आणि २००० पासून वर्षाला ४ टक्के वाढ. त्यापेक्षा जास्त भाडं घेणं बेकायदा. तुमचा वाडा जुना आहे. तोच गाळा १९८७ मध्ये कुणाला भाड्याने दिलेला असेल, तर महापालिकेच्या जुन्या घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यात त्याचं भाडं सापडू शकतं, आणि तो आकडा आजच्या १४,००० च्या मानाने फार लहान असू शकतो. मात्र १९८७ नंतर बांधलेल्या किंवा मधे रिकाम्या राहिलेल्या जागांना प्रमाण भाड्याच्या तरतुदी कितपत लागतात हे त्या जागेच्या इतिहासावर ठरतं. उतारा मिळाल्याशिवाय आणि तो वकिलाला दाखवल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. अर्ज केलात तर अंतिम निर्णय होईपर्यंत किती भाडं भरायचं हे कोर्ट लगेच ठरवून देतं आणि ते भरणं सक्तीचं असतं. ते चुकलं की अर्जच जातो.

या मार्गाबद्दल माझं मत सांगते, पटलं तर घ्या. प्रमाण भाड्याचा अर्ज म्हणजे मालकाशी कायमचं वैर. ज्यांना त्या गाळ्यात आणखी वीस वर्षं काढायची आहेत आणि ज्यांचं भाडं उघड उघड अवाच्या सवा आहे, त्यांनी तो जरूर करावा. तुमचे मालक आजवर पावत्या देत आले, अनामत वाढवून मागितली नाही, पुराच्या दोन्ही वर्षी एकेक महिना तगादा लावला नाही, हे तुम्हीच लिहिलंय. अशा माणसाशी बोलण्याची एक वाट अजून बाकी आहे.

ती वाट म्हणजे दाखलपूर्व लोकअदालत, दावा दाखल करण्याआधीच तडजोडीला बसण्याची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं. तिथे साधा अर्ज द्यायचा, ते समोरच्याला बोलावून घेतात. तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची किंमत असते आणि तिच्यावर अपील होत नाही, म्हणून सही करण्याआधी दोनदा वाचायचं. अजून एक गोष्ट पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार महिलेला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दुकान चालतं म्हणून मला मिळणार नाही, असं समजू नका.

तडजोडीत काय मागायचं ते आधी कागदावर मांडून घ्या. माझ्या डोळ्यांसमोर असं आहे: मालकांनी ठरलेल्या तारखेपर्यंत माळा आणि ओल दुरुस्त करावी. काम होईपर्यंतच्या महिन्यांना १०,५०० आणि खोली मिळाल्यावर पुन्हा १४,०००. मागच्या पाच महिन्यांची थकबाकी पूर्ण, पण हप्त्यांनी. आणि नवा करार, नोंदणी केलेला. ही शेवटची मागणी मालकांच्याही फायद्याची आहे, ती कशी ते सांगते.

तुमच्या करारावर 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलंय म्हणून तुम्ही भाडेकरूच नाही, असं मालकांचा वकील म्हणू शकतो. ते खरं ठरलं तर कलम १४, कलम ८, कलम १५ यांतलं काही तुमच्या हाती उरत नाही. वाद सर्वसाधारण दिवाणी दावा होतो आणि मग रकमेनुसार कोर्ट ठरतं. राहत्या घरांच्या बाबतीत लायसन्सचा लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदत संपल्यावर मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागू शकतो. सांगलीच्या विश्रामबागेत लायसन्सवर फ्लॅट घेऊन राहणाऱ्या वाचकांनी हे नीट लक्षात घ्यावं. दुकानाला ती तरतूद लागू नाही. तिथे कागदाच्या मथळ्यापेक्षा व्यवहार काय होता हे पाहिलं जातं, म्हणजे ताबा पूर्णपणे कुणाकडे, कुलूप कुणाचं, पावतीवर 'भाडे' लिहिलंय की 'शुल्क'. शिवाय कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं, नोंदणी नसेल तर भाड्याच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तुमच्याकडच्या पावत्यांवर 'भाडे' असं छापलंय, असं तुम्ही लिहिता. त्या सगळ्यांच्या छायाप्रती काढून मूळ पावत्या घरी ठेवा, दुकानात नको. पुराचं गाव आहे.

हे सदर सातारा, कराड, मिरजेतही वाचलं जातं, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. जागा मिरजेत असेल तर कोर्ट मिरजेचं, कराडात असेल तर कराडचं. मालकाचा पत्ता बघायचा नाही. गाळा महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा सरकारी असेल तर हा भाडे कायदाच लागू नाही. तुम्ही बँक असाल किंवा एक कोटी आणि त्यावर भरणा झालेलं भांडवल असलेली कंपनी असाल, तरीही नाही. कायद्याच्या अनुसूचीत नसलेल्या लहान गावातल्या जागेलाही नाही, तिथे मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि नेहमीचा दिवाणी दावा. मालकाने वीज किंवा पाणी तोडलं तर कलम २९ चा अर्ज त्याच कोर्टात करायचा, आणि अशा अर्जावर तातडीचा हुकूम मिळू शकतो. चुकून भलत्या कोर्टात गेलात तर दावा योग्य कोर्टात दाखल करायला परत मिळतो, आणि प्रामाणिकपणे घालवलेला वेळ मुदतीतून वगळला जातो. वकिलाची फी मात्र परत मिळत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. त्यापुढे दुसरं अपील नाही, उच्च न्यायालयात मर्यादित कारणांवरच दाद मागता येते. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सातारा-सांगलीसाठी चालू आहे. तुमचं प्रकरण तिथवर जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

तुमच्या ताजा कलमाचं उत्तर राहिलं. करार सासऱ्यांच्या नावे, ते आता नाहीत, मग अर्ज करायचा अधिकार मला आहे का, असं तुम्ही विचारलंय. धंद्याच्या जागेत भाडेकरूचा मृत्यू झाला, तर त्या वेळी त्याच्यासोबत तिथे तो धंदा करणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू म्हणून पुढे येते, असं कायद्याची व्याख्याच सांगते. दहा वर्षं तुम्ही त्यांच्या बरोबरीने गल्ल्यावर बसलात. दुकानाचा परवाना, जीएसटीची नोंद, घाऊक व्यापाऱ्यांची तुमच्या नावाची बिलं, ते गेल्यानंतर तुमच्या खात्यातून मालकांनी स्वीकारलेलं भाडं, हे सगळं त्याचा पुरावा आहे. दीर किंवा नणंद यांच्यापैकी कुणी हक्क सांगणार असेल तर आपसात ठरवा. नाही ठरलं तर तोही प्रश्न त्याच विजयनगरच्या कोर्टात सुटतो. विधी सेवा प्राधिकरणात जाताना सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचं संमतिपत्र बरोबर न्या, म्हणजे पहिल्या भेटीतच 'तुम्ही कोण' यावर गाडी अडणार नाही.